पुराच्या वर एक वीत

हेमंतातली धूसर, दुधट सकाळ. लीन नदीच्या अंगावरून धुके उठते आहे, सावकाश, अनिच्छेने उठते आहे. आणि त्या धुक्यातून ऑब्रेल नावाचे एक चिमुकले फ्रेंच नगर वरून खाली उमलत येते आहे. आधी दिसतो प्रार्थनामंदिराचा निमुळता मनोरा. मग दिसतात पाटीच्या दगडाची नीलकृष्ण छपरे, मग मधुवर्णी चुनखडीच्या भिंती, मग शेवाळलेला पुराणपुरुष तट. आणि धुक्याचा अगदीच नाइलाज झाला की सर्वांत शेवटी दिसते तळपेठ.

हे असेच आहे. इथे उजेडसुद्धा आधी वरच्या पेठेत जातो.

तीन बाजूंना नदी, चौथ्या बाजूला टेकडी. टेकडीवर वरची पेठ: बिशपांची, सरदारांची, वकिलांची, द्राक्षमळ्यांच्या धन्यांची. टेकडीच्या पायथ्याशी, नदीच्या ओल्या वळणात तळपेठ: कातडे कमावणाऱ्यांची, रंगाऱ्यांची, धोबिणींची. वरच्यांच्या अंगावरचे प्रत्येक शुभ्र वस्त्र खालच्यांनी धुतले. वरच्यांच्या पायातला प्रत्येक चकचकीत जोडा खालच्यांच्या कुंडात भिजून निघाला. त्या दोघांच्या मध्ये दगडी पायऱ्यांची एक उभी, दमछाक करणारी वाट. आणि वाटेच्या माथ्यावर एक कमान, कमानीत एक दार. त्या दाराचे नाव करुणाद्वार.

नावाला भुलू नका. कुण्या एका बिशपाने कुठल्याशा दुष्काळात त्या दारातून खाली पाव फेकले होते, म्हणून हे नाव. दिले नव्हते, फेकले होते. पण नाव ठेवणारे दाराच्या आतल्या बाजूला उभे होते.

काळी महामारी आली, करुणाद्वार बंद झाले. परक्यांचे सैन्य नदी उतरून आले, करुणाद्वार बंद झाले. राज्यक्रांतीच्या धगधगत्या वर्षी तळपेठेने ते ओकाचे दार कुऱ्हाडींनी फोडले, त्याच्या फळ्या जाळून चौकात रस्सा शिजवला आणि वाडगे भरभरून प्याला. एक पिढी सरली नाही तोच त्याच कमानीत लोखंडी जाळीचे नवे दार बसले. राजे गेले, सम्राट गेले, प्रजासत्ताक आले, पुन्हा सम्राट आले, पुन्हा गेले. दार राहिले. माणसे बदलली तरी बिजागऱ्यांना तेलपाणी करणारा कुणीतरी त्या नगरात नेहमीच निघाला.

आणि नदी? नदीला दार नव्हते. ती यायची तेव्हा यायची.

कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. नदीकाठच्या घराला पूर विसरता येत नाही, तो घराच्या अंगावर उमटतो. तळपेठेत पूर ओसरला की गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन गल्लीगल्लीत फिरायचा. भिंतीवर ओल जिथवर चढली असेल तिथे आडवी रेघ कोरायची, रेघेशेजारी वर्ष कोरायचे. अशा रेघा शतकांमागून शतके साचत गेल्या. कुठे गुडघ्याशी, कुठे कमरेशी, कुठे गळ्याशी. पुढच्यांना कळावे म्हणून कोरलेल्या, साध्या, सरळ, रोखठोक रेघा.

पण तळपेठेची एक रीत होती, आणि ती जगात दुसरीकडे कुठे असेल असे वाटत नाही. ज्या घरातले माणूस पाण्याने नेले, त्या घराची रेघ पाण्याच्या खुणेवर कोरायची नाही. गल्लीतली सर्वांत वयोवृद्ध बाई पुढे यायची, ओल्या खुणेवर आपला पंजा पसरून टेकवायची आणि गवंडी त्या पंजाच्या वर, एक वीत उंच, रेघ कोरायचा. बाकीच्यांच्या घरी पाणी होते तेवढेच चढले. या घरी ते एक वीत जास्त चढले, असे धरायचे. त्या विशाल, शोकविव्हळ बेरजेवर तळपेठेतल्या कुणी कधी शंका घेतली नाही.

रंगाऱ्यांच्या गल्लीत अशी उंच रेघ एकाच घरावर होती. ते घर ओदीलचे.

ओदीलने आता ऐंशी ओलांडली आहे. ताठ, कृश, करड्या डोळ्यांची बाई. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री केली, लग्न केले नाही, कुणापुढे वाकली नाही. त्या रेघेची वाढीव वीत तिच्या धाकट्या बहिणीची. रोझीनची.

महायुद्ध संपून थोडीच वर्षे झाली होती. पाव अजून शिधापत्रिकेवर मिळत होता. फेब्रुवारीतली ती दुपार शिशाच्या रंगाची होती; आणि लीन नदी तपकिरी, फेसाळ, लाकडे-कोंबड्या-पिंपे वाहवत गल्लीत शिरली. अख्खी तळपेठ उठून पायऱ्यांवर आली. म्हातारे आले, बाळंतिणी आल्या, गाठोडी आली, पिंजऱ्यातले पक्षी आले. माथ्यावर करुणाद्वार होते, आणि करुणाद्वार बंद होते.

जाळीच्या पलीकडे छत्रीखाली टेबल मांडून नगरपालिकेचा एक कारकून बसला होता. वरच्या पेठेत धान्याची कोठारे होती ना! ती लुटली गेली तर? म्हणून हुकूम सुटला होता: एकेकाने या, शिधापत्रिका दाखवा, आत जा. आपले कोण आणि परके कोण, हे कळायला हवे होते म्हणे. ज्या बायकांनी त्या कारकुनाचे लंगोट धुतले होते, त्यांना त्याने विचारले, तुम्ही कोण?

ओदीलच्या आईची शिधापत्रिका घरी राहिली होती. ती सात वर्षांच्या ओदीलला म्हणाली, "रांगेतली जागा धरून ठेव, हललीस तर बघ." तीन वर्षांची रोझीन आईचा झगा सोडीना, म्हणून तिला घेऊन ती पायऱ्या उतरली. घरात शिरली. खण उघडला. तेवढ्यात पाण्याने दार ढकलले.

संध्याकाळी होडीवाल्यांनी आईला खिडकीच्या गजांवरून सोडवून आणले. तिच्या एका मुठीत शिधापत्रिका होती, भिजलेली, पण शाबूत. दुसरी मूठ रिकामी होती.

आणि ओदील? ओदीलने जागा सोडली नव्हती. आईने सांगितले होते.

रोझीन सापडली नाही. दफनभूमीत तिचे नाव नाही, दगड नाही, माती नाही. जे आहे ते भिंतीवर आहे: एक रेघ, पाण्याच्या एक वीत वर. सर्वसंतांच्या दिवशी सारे ऑब्रेल शेवंतीची फुले घेऊन टेकडीमागच्या दफनभूमीत जाते. ओदील स्टुलावर चढते आणि शेवंतीचा गुच्छ रेघेखालच्या खिळ्याला टांगते. पिवळा, भरघोस, थंडीत कुडकुडणारा गुच्छ.

आता ऐका पुढची कथा. आणि ऐकताना रक्त तापले तर तापू द्या, ते तापण्यासारखेच आहे.

तळपेठेच्या पलीकडे, नदीच्या आतल्या वळणात, ओली कुरणे पसरली आहेत. सखल, हिरवीगार, बगळ्यांनी शुभ्र ठिपकलेली. नदी फुगली की आधी तिथे पसरते, तिथे श्वास घेते, मग गल्लीत येते. हजार वर्षे त्या कुरणांत कुणी कोंबड्यांचे खुराडे बांधले नाही. ऑब्रेलचे नगराध्यक्ष मस्यू तेसिए यांनी तिथे घरे बांधायला परवानगी दिली. पांढरी, बुटकी, काचेच्या मोठमोठ्या खिडक्यांची घरे. अंगणात झोपाळा, कुंपणापाशी नदी. शहरांतल्या तरुण जोडप्यांसाठी स्वप्नच.

पण कुरणांकडे जाणारी वाट तळपेठेतून जाते, आणि वाटेवर भिंती आहेत, आणि भिंतींवर रेघा आहेत. घर बघायला आलेली माणसे रेघांपाशी थबकत. वर्षे वाचत. एकमेकांकडे बघत. आणि आल्या पावली परत जात.

मग मस्यू तेसिएंना अचानक तळपेठेच्या सौंदर्याचा उमाळा आला. शतकानुशतके ज्या गल्लीत वरच्या पेठेचे सांडपाणी सोडले, तिच्या भिंती मळकट दिसतात हे आताच त्यांच्या लक्षात आले! फर्मान निघाले: तळपेठेच्या सर्व दर्शनी भिंती साफ करून त्यांना साय-रंगी चुन्याचा गिलावा द्यावा. खर्च नगरपालिकेचा. औदार्य नगराध्यक्षांचे.

नगरसभेच्या ओकाच्या तुळयांखाली, झुंबरांच्या सुवर्णधूसर प्रकाशात, मोठी सभा भरली. एका तरुण भूमापकाने पडद्यावर चित्रे दाखवली. गोड चेहऱ्याचा, विनयशील मुलगा. त्याचे गणित बरोबर होते, हेच दुर्दैव.

"पाणी एका गल्लीत एकाच पातळीला उभं राहतं," तो म्हणाला. "रंगाऱ्यांच्या गल्लीत त्या वर्षीच्या सगळ्या रेघा एका पातळीत आहेत, एक सोडून. ती वीतभर वर आहे. म्हणजे या खुणा भरवशाच्या नाहीत. एका पातळीत असत्या तर कायद्यानंच आपल्याला त्यांना हात लावता आला नसता."

असेच दुसऱ्या गल्लीत, असेच तिसऱ्या गल्लीत. जिथे जिथे कुणी बुडाले होते, तिथे तिथे रेघ चुकली होती. ज्यांनी दुःखापोटी एक वीत वाढवली, त्यांच्याच दुःखाचा पुरावा करून त्यांना खोटे ठरवले गेले. दार बंद करणाऱ्यांनी बुडालेल्यांना सांगावे की तुमचे पाणी मोजण्यात चूक झाली! निर्लज्जपणालाही काही पातळी असते की नाही?

ओदील उभी राहिली.

"ती रेघ माझ्या घरावरची," ती म्हणाली. "ती वीतभर वर आहे, हे तुमच्या यंत्राला आज कळलं, आम्हाला ती कोरली तेव्हापासून माहीत आहे. ती वीत माझ्या बहिणीची आहे. वजा करा ती. तरीही पाणी माझ्या डोक्यावरून जातं, मस्यू तेसिए. आणि तुमची कुरणातली घरं माझ्या उंबऱ्याहून खाली आहेत. तिथे निजणारी पोरं कुठल्या पायऱ्या चढणार?"

मस्यू तेसिएंनी छातीवर हात ठेवला. "मादाम, तुमच्या भावनांचा आम्हा सर्वांना अतिशय आदर आहे."

आणि टाळ्या पडल्या. टाळ्या! मऊ, सुसंस्कृत, हातमोजे घातलेल्या टाळ्या. तिने पाण्याबद्दल विचारले, त्यांनी भावनांबद्दल उत्तर दिले आणि ठराव संमत झाला.

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्ष स्वतः पायऱ्या उतरून रंगाऱ्यांच्या गल्लीत आले. हातात केकचा डबा, चेहऱ्यावर कनवाळू हसू. ओदीलने त्यांना दारातच उभे केले.

"मादाम, तुमची रेघ आम्ही झाकणार नाही," ते म्हणाले. "बाकीच्या जातील, तुमची राहील. तिच्यावर काच बसवू, छोटा दिवा लावू, खाली पितळी पाटी. 'अश्रूंची रेघ: तळपेठेची एक दंतकथा.' प्रवासी फोटो काढतील. तुमची रोझीन अमर होईल."

ओदीलने मान वर करून रेघेकडे पाहिले. कारण आमिष खोटे नव्हते. एका पारड्यात रोझीन होती, काचेआड सुरक्षित, दिव्याखाली उजळलेली, कायमची. दुसऱ्या पारड्यात गिलावा होता. जिच्यासाठी कुणी कधी दगड उभारला नाही, तिला आज पितळ मिळत होते. फक्त तिने दंतकथा व्हायचे होते. फक्त ते पाणी, ती जाळी, ती छत्री, तो कारकून, हे सारे म्हातारीच्या गोड गोष्टीत विरघळून जायचे होते.

"विचार करते," ती म्हणाली. केकचा डबा तिने घेतला नाही.

तिने विचार केला. शिशिर गल्लीत उतरला. छपरांवर हिमकणांची शुभ्र साय धरली. आणि परातीत चुना कालवत जिल्बेर गवंडी रंगाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आला. जिल्बेर तळपेठेचाच, ओदीलच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्याच्या आजोबांनीच त्या वर्षी तिच्या भिंतीवर छिन्नी चालवली होती. नगरपालिकेचे काम त्याने घेतले होते, कारण दुसरे काम नव्हते. आणि तो मान खाली घालून काम करत होता.

ओदील दारात उभी होती. "जिल्बेर, उद्या शेजारच्या भिंती झाकायच्या आधी माझी रेघ झाक."

"तुझी?" त्याने थापी खाली ठेवली. "तुझी तर राहणार आहे! मला तसं सांगितलंय. काच यायची आहे."

"झाक म्हणते ना. आणि मग एक वीत खाली नवी कोर. जिथे पाणी होतं तिथे."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळले तेव्हा त्याने टोपी काढली. "ओदील, वेडी झालीस का तू? ते तिचं थडगं आहे."

"माहीत आहे मला काय आहे ते!" ती कडाडली, आणि तिचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन आदळला. "आयुष्यभर मीच त्याला फुलं वाहिली, तू नाहीस! पण त्या एका वितीमुळे सगळी गल्ली खोटी ठरतेय. वर बसलेल्यांना माझ्या बहिणीच्या आड लपायला जागा मिळालीय. त्यांना ती मिळायची नाही. मी त्यांना ती देणार नाही. कोर!"

जिल्बेरने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. गवंड्यांची पारदर्शक नळी आणली, तिच्यात लीन नदीचे पाणी भरले. नळीचे एक टोक शेजारच्या रेघेशी धरले, दुसरे ओदीलच्या भिंतीशी. नळीतले पाणी डुचमळले, वर गेले, खाली आले, आणि स्थिर झाले. जिथे ते स्थिर झाले तिथे त्याने पेन्सिलीची खूण केली. मग थापीने चुना उचलला आणि वरच्या, जुन्या, पावसावाऱ्याने मऊ झालेल्या रेघेच्या तोंडाशी आणला.

"थांब," ओदील म्हणाली.

ती स्टुलावर चढली. बोटाचे पेर रेघेच्या खाचेत घातले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेले, हळूहळू, झोपलेल्या लेकराच्या भुवईवरून फिरवावे तसे. मग खाली उतरली आणि स्वयंपाकघरात गेली. थापीचा आवाज तिला आतून ऐकू येत होता, ओला, गुळगुळीत, अगदी थोडका. मग छिन्नीचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालला. ती चुलीपाशी उभी राहून रडली. दुःखाने रडली, आणि त्याहून जास्त संतापाने रडली, कारण बंद दारापुढे उभे राहायला लावले ते त्यांनी, आणि किंमत पुन्हा पुन्हा चुकवायची तिने.

भूमापक नगराध्यक्षांसह आला. त्याने यंत्र लावले, पुन्हा लावले. रंगाऱ्यांच्या गल्लीतल्या साऱ्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच पातळीत, अविचल, अखंड, निस्तरंग उभ्या होत्या. त्याने यंत्र मिटले. तो नगराध्यक्षांना हलक्या आवाजात म्हणाला, "आता कायदा त्यांच्या बाजूनं आहे, मस्यू. रेघा तशाच ठेवून गिलावा द्यावा लागेल."

मस्यू तेसिएंचे हसू वाळले. "आणि ती काच, मादाम? ती बनवून आली आहे."

"तुमच्या दारावर लावा," ओदील म्हणाली. "खाली लिहा, दंतकथा."

हळूहळू दुसऱ्या गल्ल्यांतूनही जिल्बेरला बोलावणी आली. कुणी बापाची वीत खाली आणली, कुणी आजीची, कुणी कधीच न पाहिलेल्या काकाची. प्रत्येक घरात थोडे रडणे झाले. प्रत्येक घरात वर बसलेल्यांना चार शिव्या मिळाल्या, आणि त्या त्यांना मिळायलाच हव्या होत्या. तळपेठेने आपले मृत परत मागे घेतले आणि पाणी जसे होते तसे भिंतींवर उभे केले.

वसंत आला. कुरणांवर पिवळी फुले आली, बगळे आले, आणि घर बघायला माणसे आली. एका रविवारी, कोवळ्या, निर्मळ उन्हात, मानों नावाची एक तरुण बाई वाट चुकून रंगाऱ्यांच्या गल्लीत शिरली. कडेवर दीड-दोन वर्षांचे लेकरू. ती ओदीलच्या भिंतीपाशी थांबली. वर्ष वाचले, मग मान वर करून रेघ पाहिली. रेघ तिच्या केसांच्याही वर होती.

"हे खरंच इतकं आलं होतं?" तिने दारात बसलेल्या ओदीलला विचारले.

"तेवढंच आलं होतं," ओदील म्हणाली. "त्याच्या वर नाही, त्याच्या खाली नाही."

मानोंने कुरणांकडे पाहिले. उतरत गेलेल्या वाटेकडे पाहिले. पुन्हा रेघेकडे पाहिले. आणि काय करतो आहोत हे तिचे तिलाही न कळता तिने कडेवरचे लेकरू दोन्ही हातांत घेतले आणि उचलले. छातीशी, खांद्याशी, डोक्याच्या वर. लेकरू खिदळले. त्याची इवली, अनवाणी पावले हवेत हलत होती, भिंतीवरच्या रेघेच्या अगदी बरोबरीला.

ओदील खुर्चीतून उठली होती.

"अजून वर, पोरी," ती म्हणाली. "अजून थोडं वर."

आणि मानोंने टाचा उंचावल्या, हात ताणले, आणि लेकरू अजून वर धरले.